सहा जण, पाच जागा

४ जानेवारी, रविवार

आमंत्रण आलं! तंजावरची पन्नाशीपुढच्यांची बॉल बॅडमिंटन स्पर्धा, तेवीस आणि चोवीस जानेवारी. फोनवर आलेलं, पण सकाळी बेंगळुरातल्या जयनगरच्या मैदानावर सगळ्यांना गोल उभं करून मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. कप्तान मी, वाचणारही मीच.

अकरा वर्षं जातोय आम्ही. अकरा वर्षांत एकदा तिसरा नंबर, दोनदा उपांत्य सामन्यात हार, बाकी नुसतं ऊन खाऊन परत. यंदा कप आणायचाच. असं मी दर वर्षी म्हणतो हे खरं आहे, पण यंदा सुमंत पन्नाशी ओलांडून आमच्यात आला आहे. बावन्न वर्षांचा! हरणासारखा पळतो. अशी संधी पुन्हा येणार नाही, आणि आम्ही काही तरुण होत नाही.

अडचण एकच. आम्ही सहा आहोत आणि खेळतात पाच.

५ जानेवारी

कागदावर मांडून बघतो. इथे कुणी वाचायला येत नाही.

मी — रघुपती, वय सहासष्ट, कप्तान, डावीकडे मागे. सुमंत पुढे. नागनाथ मध्ये. हा मूळचा बिदरचा, आता के. आर. पुरमला राहतो, पहाटे उठून शहर ओलांडून येतो आणि आल्यापासून बोलत असतो. दयानंद आणि जितेंद्र सख्खे भाऊ. दयानंदच्या मुलीच्या लग्नात जितेंद्रला दुसऱ्या पंगतीत बसवलं, त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून बोलणं बंद. कोर्टवर मात्र "तुझा", "माझा" असं बिनचूक ओरडतात. मला वाटतं त्या दोन शब्दांसाठीच येतात बिचारे.

आणि बिंदुमाधव. माझा मेहुणा, अहल्येचा थोरला भाऊ, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. पाचवीपासून आम्ही एकत्र खेळतो. त्याच्याविषयी वाईट लिहिताना हात जड होतो, पण लिहितो — बिंदू मंदावला आहे. बसायचं तर त्यानेच.

सांगणार कोण? आमच्या क्लबात कुणाला "तू बस" असं म्हणत नाहीत. पहिल्यापासूनची रीत आहे. निघायच्या सकाळी पिण्याच्या पाण्याची वीस लिटरची कॅन भरून मध्ये ठेवायची. ज्याला कळलं असेल की यंदा आपण बसावं, तो आपणहून ती उचलतो. मग तो सगळ्यांना पाणी देतो, चेंडू सांभाळतो, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. फार सुंदर रीत. फक्त ज्याला कळायला हवं त्याला कळलं पाहिजे!

११ जानेवारी, रविवार

सराव. कडाक्याची थंडी, दयानंद कानटोपी घालूनच खेळला.

माझे तीन चेंडू चुकले. सूर्य नेमका माझ्या डोळ्यांत. बाजू बदलल्यावर दोन चुकले, पण तेव्हा ढग आले होते आणि ढगात पिवळा लोकरीचा चेंडू दिसत नाही. बिंदूचा एकही चुकला नाही. त्याच्याकडे सोपे चेंडू येत होते.

खेळ संपल्यावर बघतो तर पाण्याची कॅन माझ्या बुटांना चिकटून ठेवलेली. कुणी वेंधळ्याने ठेवली कोण जाणे! उचलून बिंदूच्या बुटांशेजारी ठेवली. सूचना म्हणून हो, दुसरं काही नाही.

१५ जानेवारी, संक्रांत

बिंदूकडे जेवायला. एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, वाटीभर खाल्लं, वर तिळाचे लाडू. अहल्येने आणि तिच्या वहिनीने मिळून शेजारच्या सगळ्या आळीला वाटलं.

लाडू देताना बिंदू म्हणाला, "गोड बोला म्हणतात ना, त्यानेच सगळी पंचाईत होते." मी म्हटलं, अगदी मनातलं बोललास. दोघांनीही आणखी एकेक लाडू घेतला. त्यालाही कळत असावं.

१८ जानेवारी, रविवार

कॅन पुन्हा माझ्या बुटांशेजारी! या वेळी माझ्या पिशवीचा बंदही तिच्या कडीत अडकलेला. मी चांगलाच ओरडलो. वस्तू जिथल्या तिथे ठेवायला शिका म्हटलं. जितेंद्र बुटाची नाडी बांधत राहिला, मान वर केली नाही त्याने. पुन्हा बिंदूच्या बुटांशेजारी नेऊन ठेवली.

मला शिवाजीनगरला रॅकेटची तार बदलून घ्यायची होती म्हणून लवकर निघालो. एरवी नागनाथ मला सोडत नाही, बोलत बोलत गाडीपर्यंत येतो. आज म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, अण्णा. आम्ही स्वल्प बसतो कॉफीला." पाचही जण झाडाखाली बसले. लांबून पाहिलं तर सगळे बिंदूकडे तोंड करून बोलत होते. म्हणजे त्यांनीही त्याला सांगायचं मनावर घेतलं तर! मला बरंच वाटलं. कप्तानाला वाईट व्हावं लागू नये म्हणून मंडळी झटतात.

२० जानेवारी

बिंदू संध्याकाळी घरी आला. एकटाच. चार वाजता आला तो साडेपाचपर्यंत बसला. आधी चकल्या खाल्ल्या, मग हवेवर बोलला, मग मेट्रोच्या खांबांवर, मग पुन्हा हवेवर. हा माणूस कधी हवेवर बोलत नाही.

अवघडलेपण जावं म्हणून मी माझा तक्ता काढला. गेले चार दिवस खपून केला आहे — पाच जागा पाच रंगांत, कोण कुठून कुठे सरकणार त्याचे बाण, वारा डावीकडून असेल तर काय, उजवीकडून असेल तर काय. सर्वे खात्यात पस्तीस वर्षं नकाशे काढले, हात अजून साफ आहे. माझी जागा तांबड्या रंगात आहे. त्याला म्हटलं, बघ, यंदा माझं मन सांगतंय. कप हातात घेऊन मरायला हरकत नाही.

त्याने तक्ता खूप वेळ पाहिला. तांबड्या रंगावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "रघू, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू येतोय."

मी थक्क. कधीपासून? तर म्हणे महिना झाला. पेपरातली अक्षरं पोहतात, चेंडू एकाचे दोन दिसतात. "दोन्ही मारायला गेलो तर खेळ कसा व्हायचा," म्हणाला आणि हसला. मला मात्र भरून आलं. इतके दिवस मी त्याला मंदावला म्हणत होतो आणि माणूस डोळ्यांनी अधू होत होता! मी लगेच स्वयंपाकघरात जाऊन दोन गाजरं किसून त्यांचा रस त्याला पाजला. नको नको म्हणत प्यायला. आमच्या एका साहेबांचा चष्मा गाजरानेच सुटला होता.

अहल्या त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेली. बराच वेळ आली नाही. भाऊ-बहीण काय बोलत होते कोण जाणे.

२२ जानेवारी, तंजावर

पोचलो. आता सुरुवातीपासून लिहितो.

पहाटे पाचला सुमंतच्या सात जणांच्या गाडीपाशी जमलो. सामान चढवलं. कॅन भरून मध्ये ठेवली. आणि मग कुणी हलेना. जितेंद्रने नाडी तीनदा बांधली. नागनाथ आणि गप्प, असं मी प्रथमच पाहिलं. मी बिंदूकडे बघत होतो, बिंदू माझ्याकडे बघत होता. मनात म्हटलं, उचल रे बाबा. तोही काहीतरी मनात म्हणत असावा. शेवटी तोच वाकला, कॅन उचलून गाडीत ठेवली आणि "चला" म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, याला मोठं मन लागतं, बिंदू. तो म्हणाला, "लागतं खरं."

कृष्णगिरीला इडल्या आल्या तशी गाडी बोलू लागली. मी तिथेच बाजारातून दोन किलो गाजरं घेतली, धुऊन बिंदूच्या मांडीवर ठेवली. दर अर्ध्या तासाला एक, असा नियम घातला. सेलमपर्यंत त्याने चार खाल्ली. थोप्पूरच्या घाटात दयानंदला वारा लागायला लागला. तो नागनाथला म्हणाला, "त्याला सांग खिडकी लाव म्हणून." जितेंद्र नागनाथला म्हणाला, "त्याला सांग मळमळतंय मला." मध्ये बसलेला नागनाथ दोघांच्याही तोंडाकडे बघून दोघांचेही निरोप पोचवत होता, आणि आपल्या पदरचं थोडं घालत होता. नमक्कलला दोघेही हसू दाबत होते.

वाटेत नागनाथने सांगितलं की आपला हा खेळ तंजावरच्या राजवाड्यातच सुरू झाला असं मानतात. म्हणजे तिथल्या भोसल्यांच्या घरात! मी म्हटलं, मग कप आपलाच. आपल्या घरची वस्तू आपण आणतोय. आम्हीही शहाजीराजांच्या मागे बेंगळुरात आलेल्यांपैकी. निदान आमच्या घरात तसं सांगतात, आणि कागद मागणारा अजून कुणी भेटलेला नाही.

२३ जानेवारी

दोन सामने, दोन्ही जिंकले!!

पहिला तर खेळच नव्हता, पस्तीस–बावीस, पस्तीस–अठ्ठावीस. दुसरा तीन डावांपर्यंत ताणला गेला. माझे काही चेंडू गेले, खोटं कशाला लिहू. इथल्या चेंडूंची लोकर दवाने ओली होती, हाताला लागतच नव्हती. सुमंत सारखा माझ्या बाजूला धावून येत होता. त्याला दोनदा बजावलं, तू तुझी जागा बघ. "सरी अण्णा," म्हणाला आणि पुन्हा आला. जितेंद्रही माझ्याकडे सरकून उभा. माझ्या तक्त्यातले बाण कुणी नीट वाचलेलेच नाहीत!

बिंदू कामाचा माणूस. प्रत्येक विश्रांतीत पाणी घेऊन हजर. दुसऱ्या डावानंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "एक पाऊल मागे राहा. त्यांचा तो उंच माणूस तुझ्या डोक्यावरून टाकतोय." राहिलो मागे, आणि लागोपाठ तीन गुण मिळाले. एकाचे दोन दिसत असताना याला कुठला उंच माणूस दिसला, देवाला ठाऊक. शेवटी अनुभव तो अनुभव.

उद्या उपांत्य आणि मग अंतिम. गाजरं संपली. इथे मिळतात का बघायला हवं.

२४ जानेवारी

हरलो.

जेवल्यावर लिहायला बसलो तर हात चालत नव्हता. आता लिहितो. कुंभकोणमचा संघ. पहिला डाव आमचा, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात तेहतीस–तेहतीस. चार गुणांनी मागे होतो तिथून सुमंतने ओढून आणलं होतं. लोक उभे राहिले होते. नागनाथ देवाचं नाव घेत होता तेही मला ऐकू येत होतं.

चेंडू माझ्या बाजूला आला, उंच, रेघेच्या अंगाने. सुमंत खाली पोचलासुद्धा, रॅकेट वर. मी ओरडलो, "सोड! बाहेर!" त्याने सोडला.

पंचाने आत दाखवला.

मी पंचाकडे गेलो. पस्तीस वर्षं सरकारी जमिनी मोजलेला माणूस आहे मी, रेघ म्हणजे काय हे मला सांगू नका, असं मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत सांगितलं. त्याने तमिळमध्ये ऐकून घेतलं. पुढचा गुणही त्यांचाच. पस्तीस–तेहतीस.

बिंदूने तो चेंडू उचलला, आपल्या पँटला दोनदा पुसला आणि पंचाला देऊन टाकला. निळ्या पँटवर चुन्याचा पांढरा पट्टा. दिवसभर धुळीत बसून कपड्यांची अगदी रया गेली त्याच्या.

मी बाकावर बसलो तेव्हा रडू आवरत नव्हतं. कुणी एका शब्दाने बोललं नाही मला. सुमंत म्हणाला, "जाऊ दे अण्णा, पंच त्यांच्याच गावचा दिसतोय." दयानंद म्हणाला हो. जितेंद्र म्हणाला, तो बरोबर बोलतोय. सहा वर्षांत पहिल्यांदा एका भावाने दुसऱ्याला दुजोरा दिला, आणि मला त्याचा आनंदही धड घेता आला नाही.

तिसऱ्या जागेचा सामना आम्ही जिंकलो. लाकडी ढाल मिळाली. मी नको म्हटलं, सगळ्यांनी मलाच घ्यायला लावली.

२५ जानेवारी, रविवार

आजचा दिवस म्युझियमचा! सकाळी उठलो तेव्हा मन कडू होतं, पण पोटभर पोंगल खाल्ल्यावर कडूपणा किती टिकणार?

आधी मोठं देऊळ, मग राजवाड्यातलं म्युझियम. दारातला तिकीटवाला आमचं बोलणं ऐकून उठून उभाच राहिला. त्याच्याही घरी मराठीच! बोलायची ढब निराळी, मध्ये तमिळ शब्द, पण आमच्या मोठ्या आत्या बोलायच्या त्याला फार जवळची. त्याने आमच्यात कन्नड किती शिरलंय म्हणून थट्टा केली, आम्ही त्याच्या तमिळची केली. नागनाथ म्हणाला, दोघंही चुकता, खरं मराठी बिदरचं. पंधरा मिनिटं दार अडवून उभे होतो, मागची रांग ओरडायला लागली तेव्हा आत गेलो.

देवमाशाचा केवढा थोरला सांगाडा आहे इथे. राजवाड्यात देवमासा! नागनाथने त्याच्या फासळ्या मोजल्या, दोनदा, दोन्ही वेळा वेगळ्या भरल्या. दरबाराच्या रंगीत कमानी बघून सुमंतने शंभर फोटो काढले. मग पोथ्यांच्या दालनात जुनी विलायती चित्रं — माणसांची तोंडं आणि शेजारी जनावरांची, कुणाचा चेहरा कुणासारखा ते दाखवणारी. तिथे तर आम्ही लहान होऊन गेलो. दयानंदला घुबड मिळालं, जितेंद्रला उंट. जितेंद्र सरळ भावाकडे बघून म्हणाला, "तुझंच तोंड आहे रे हे." निरोप्याशिवाय! दयानंद म्हणाला, "आणि उंट कोण मग?" दोघेही भिंतीला धरून हसत होते. नागनाथने डोळे पुसले. माझ्यासाठी त्यांनी बैल शोधला. मी म्हटलं, ठीक आहे, बैल तर बैल.

मग पुढच्या दालनात डोळ्यांची चित्रं लागली. इथल्या एका राजेसाहेबांना वैद्यकाची, त्यातही डोळ्यांच्या उपचारांची फार आवड होती म्हणे. काचेमागे हाताने रंगवलेले डोळे मांडलेले — कुणात पांढरा पडदा, कुणात तांबूस शिरा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जुनं मराठी. उजेड बेताचा. मी चष्मा पुसून पाहिलं, पुढे वाकून पाहिलं, एक अक्षर लागेना. सुमंतलाही लागेना.

नागनाथ म्हणाला, बिंदुअण्णा, या की, तुमचाच डोळा ठेवलाय इथे.

बिंदू मागे उभा होता, दयानंदच्या खांद्याआड, चांगला दोन हात लांब. चष्माही नाही. तिथूनच त्याने वाचायला सुरुवात केली. रोगी विणकर, वय पन्नास, उजव्या डोळ्यास दिसत नव्हते, औषध कोणते घातले, किती दिवस पट्टी बांधली. सरळ, एकदाही न अडखळता, शाळेत धडा वाचायचा तसा. "आता हाताची बोटे मोजितो," इथपर्यंत आला, आणि एकदम थांबला.

चमत्कार! मी त्याला मिठीच मारली. म्हटलं, बघा, पाच दिवसांच्या गाजराचा गुण! बिंदू माझ्याकडे बघतच राहिला. "असेल," म्हणाला.

सुमंत चित्राकडे बघत होता, जितेंद्र बुटाची नाडी बांधायला वाकला. मग नागनाथ भूक लागली म्हणून ओरडला आणि सगळे घाईघाईने बाहेर पडले. एवढी आनंदाची गोष्ट, आणि मंडळी अशी का निघून गेली ते मला कळलं नाही.

२६ जानेवारी, बेंगळुरू

सुखरूप घरी. दयानंद आणि जितेंद्र मागच्या सीटवर शेजारी बसले आणि सेलमपासून होसूरपर्यंत भांडले. काय आनंद झाला ऐकून!

२९ जानेवारी

गाजराने सुरुवात केली असली तरी डॉक्टरला दाखवायलाच हवं. माझ्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली. बिंदूला फोन केला. "बघू," म्हणाला. मी म्हटलं, बघू काय, तेच तर करायचंय! हसला, पण नेहमीसारखा नाही.

आज दोनदा तो म्युझियममधला कागद आठवला. दोन हातांवरून वाचला त्याने.

१ फेब्रुवारी, रविवार

आज कॅन मी उचलली.

काल दुपारी अहल्येला म्हटलं, मंगळवारी बिंदूला डॉक्टरकडे न्यायचंय, तूही चल. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बिंदुअण्णाच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. त्या संध्याकाळी तो तुम्हाला यंदा बसा म्हणून सांगायला आला होता. सगळ्यांनी मिळून पाठवलं होतं त्याला. तुम्ही तो तक्ता काढून बसलात. जिन्यात मला म्हणाला, अहल्ये, त्या माणसाला मी हे सांगू शकत नाही."

आधी राग आला. पाचांचाही आला, तिचाही आला. तासभर गॅलरीत बसून राहिलो. मग तेहतीस–तेहतीसचा चेंडू आठवला, आणि निळ्या पँटवरचा पट्टा. आत पडला होता. सगळ्यांना माहीत होतं. माझ्या एका शब्दावर त्यांनी कप जाऊ दिला आणि वर माझ्याच हातात ढाल दिली. एवढं प्रेम मला पेलायचं कसं?

सकाळी मैदानावर सगळे आपापल्या नाड्या बांधत होते. मी कॅन उचलून पायरीपाशी नेली. बरीच जड असते. बिंदू मागे मागे आला. "रघू, अरे, माझा डोळा—"

"माहीत आहे मला," म्हटलं. "जा. डावीकडे मागे उभा राहा."

त्याने माझा हात घट्ट दाबला आणि गेला.

मी पायरीवर बसून दोन्ही डाव पाहिले. इतक्या वर्षांत आमचा संघ मी बाहेरून कधी पाहिलाच नव्हता. फार छान खेळतात.